पंधरा मिनिटं थांबणारी गस्त

घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली मागणी येते: 'गस्त वाढवा.' पुण्यात कोथरूड असो की धनकवडी, पोलीस चौकीत दिलेल्या निवेदनातही हेच वाक्य असतं. मागणी रास्त आहे, पण अर्धी आहे. गस्त कुठे, कोणत्या वेळी आणि एका जागी किती वेळ, हे ठरल्याशिवाय तिचा उपयोग होईल की नाही ते सांगता येत नाही. गेल्या पन्नास वर्षांत यावर रस्त्यावर उतरून प्रयोग झाले आहेत.

पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. ऑक्टोबर १९७२पासून वर्षभर तिथल्या पोलिसांनी शहराच्या एका भागातल्या १५ बीटचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या हद्दींचे, तीन गट केले. पाच बीटमध्ये नेहमीसारखी एक गाडी फिरत राहिली, पाचांत दुप्पट-तिप्पट गाड्या दिल्या आणि उरलेल्या पाचांत रोजची गस्त बंदच केली. कुणी फोन केला तरच गाडी आत जायची. वर्षाअखेरीस तिन्ही गटांतल्या गुन्ह्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. लोकांच्या मनातली भीतीही होती तेवढीच.

म्हणजे गस्त निरुपयोगी, असा अर्थ अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. गाड्या भागभर फिरत होत्या, पण गुन्हे भागभर होत नसतात. १९८९मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरातून पोलिसांना आलेले वर्षभराचे फोन पत्त्यांनुसार मांडले, तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. 'बदनाम' म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतही बहुतेक गल्ल्या शांत असतात. त्रास एखाद्या चौकाचा, एखाद्या बसथांब्याचा असतो.

पुणेकरांच्या हे रोजच्या पाहण्यातलं आहे. स्वारगेटला पीएमपीच्या बसमध्ये चढताना खिसा सांभाळायचा, तुळशीबागेत पर्स पुढे घ्यायची. सोनसाखळी ओढणाऱ्याला हवी असते कमी वर्दळ आणि दुचाकीवरून झटकन निसटता येईल असा रस्ता. पहाटे फिरायला निघालेल्या आजी त्याला अशा रस्त्यावर एकट्या भेटतात. १९७९मध्ये कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलं ते हेच: गुन्हा करू पाहणारा, त्याच्या हाती लागेल असं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी, या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात. गस्त तिसरी गोष्ट हिरावून घेते. तीही तिथे आणि तेव्हाच असली, तर.

आणि किती वेळ? गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५मध्ये मिनियापोलिसच्याच निरीक्षणांतून याचं उत्तर शोधलं. नुसती गाडी जाऊन गेली तर परिणाम फार टिकत नाही. पोलीस दहा ते पंधरा मिनिटं थांबले, तर ते गेल्यानंतरही तिथला गोंधळ बराच वेळ परतत नाही. उदबत्ती विझल्यावर वास रेंगाळावा तसा त्यांचा वचक रेंगाळतो. पंधरा मिनिटांपुढे मात्र जास्त थांबून फारसं काही वाढत नाही. तेवढ्यात दुसरी जागा गाठलेली बरी.

आपल्याकडे बीट मार्शलची, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांची, जोडी चौकात दुचाकी स्टँडला लावते, हेल्मेट काढते, रिक्षावाल्यांशी बोलते, पानटपरीमागच्या अंधाऱ्या बोळात टॉर्च मारून येते. लांबून येणारा बिननंबरच्या गाडीवरचा पोरगा त्यांना पाहून अलीकडूनच वळतो. हा वळलेला पोरगा कोणत्याच नोंदवहीत येत नाही. गस्तीचं यश मोजणं अवघड जातं ते म्हणूनच.

तो पुढच्या गल्लीत जाऊन तेच करणार नाही का, ही शंका योग्य आहे. थोडं तसं होतंही. २००९च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ६० ठिकाणी पायी गस्त घातली गेली. तिथले हिंसक गुन्हे गस्त नसलेल्या तशाच ठिकाणांच्या तुलनेत २३ टक्क्यांनी घटले. काही गुन्हे शेजारी सरकले, पण सरकलेले धरूनही एकूण घटच होती. गस्त उठल्यावर मात्र परिणाम ओसरला.

वेळ ठरलेली गस्त चोरालाही पाठ होते. रोज रात्री एकच्या सुमारास येऊन वहीत सही करून जाणारी फेरी कर्तव्य म्हणून चोख असेल, पण सव्वा वाजल्यापासून पहाटेपर्यंत रस्ता मोकळा आहे हेही ती सांगून जाते. म्हणून ठिकाणं पक्की आणि वेळा अनियमित ठेवायच्या. घरफोडीनंतर पुढचे दोन-तीन आठवडे त्याच घराच्या आसपास फेऱ्या वाढवायच्या, कारण त्या काळात शेजारच्या घरांना धोका वाढतो, असं अनेक देशांतल्या नोंदींतून दिसलं आहे.

हे सगळं गुन्हे कुठे होतात ते दाखवणाऱ्या नकाशावर अवलंबून आहे आणि नकाशा तक्रारींवर. बसच्या गर्दीत मोबाइल मारला गेला, तरी सिमकार्ड लवकर मिळावं म्हणून अनेकजण तो 'गहाळ' म्हणून नोंदवून मोकळे होतात. तो बसथांबा चोरीच्या नकाशावर येत नाही, आणि मार्शलची पंधरा मिनिटं दुसऱ्याच चौकात खर्ची पडतात.