प्रौढ करमणूक कायदा (टेनेसी)

अमेरिकेतील टेनेसी राज्याचा २०२३ सालचा कायदा. कामोत्तेजक रंगमंचीय प्रयोग अठरा वर्षांखालील मुलांच्या नजरेस पडू नयेत, हा त्याचा घोषित हेतू. असा प्रयोग सार्वजनिक जागेत, किंवा अल्पवयीन प्रेक्षकाला दिसू शकेल अशा ठिकाणी करणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या खेपेस अकरा महिने एकोणतीस दिवसांपर्यंत कैद. पुन्हा केल्यास शिक्षा सहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

वादाचे मूळ व्याख्येत आहे. विवस्त्र होऊन नाचणाऱ्यांच्या पंगतीत कायद्याने 'स्त्रीचे किंवा पुरुषाचे सोंग घेणारे' कलावंतही बसवले. त्यामुळे खरा रोख ड्रॅग प्रयोगांवर, म्हणजे भिन्नलिंगी वेश करून रंगवलेल्या खेळांवर असल्याची टीका झाली. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या मराठी प्रेक्षकाला ही पंगत विचित्रच वाटेल. मात्र नुसते सोंग घेणे हा गुन्हा नव्हे. प्रयोग 'अल्पवयीनांना अपायकारक'ही असावा लागतो. या कल्पनेला १९६८ सालच्या गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क या निकालाचा आधार आहे. सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिके विकणाऱ्या दुकानदाराची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कायम केली होती. प्रौढांना मोकळे असलेले साहित्य मुलांना नाकारता येते, असा त्याचा मथितार्थ.

पण मूल म्हणजे किती वर्षांचे? पाच की सतरा? सगळा खटला पुढे याच प्रश्नावर फिरला. कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू व्हायचा होता. टेनेसीतल्या मेम्फिस शहरातील 'फ्रेंड्स ऑफ जॉर्जेस' या नाट्यसंस्थेच्या अर्जावरून न्यायाधीश थॉमस पार्कर यांनी आदल्याच दिवशी स्थगिती दिली आणि जूनमध्ये तो संदिग्ध व अतिव्यापक म्हणून घटनाबाह्य ठरवला. मेम्फिसचा गायक एल्विस प्रेस्ली याचा पोशाख घालून त्याची नक्कल करणारी स्त्रीही 'सोंग घेणारी' ठरेल, हे सरकारपक्षाला कोर्टात कबूल करावे लागले. तेही एल्विसच्या मेम्फिसमध्ये!

अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा निकाल दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला. कायदा घटनेत बसतो की नाही, यात ते शिरलेच नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच 'अपायकारक'ची कसोटी सतरा वर्षांच्या समंजस मुलाच्या नजरेतून लावायची, असे ठरवले होते. मुलाच्या दृष्टीने कलामूल्य असलेला प्रयोग 'अपायकारक' ठरत नाही, आणि आपल्या प्रयोगांना कलामूल्य आहे, असे संस्था स्वतःच सांगत होती. मग त्या मुलाच्या दृष्टीने ते अपायकारक नाहीत, संस्थेला खटल्याची धास्ती नाही आणि म्हणून दावा लावण्याचा अधिकारही नाही, असे न्यायालयाने म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.