लोहन्यूनता आणि रक्तक्षय

रक्तातील हीमोग्लोबिन (तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणारे द्रव्य) ठरावीक पातळीच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय किंवा अ‍ॅनिमिया म्हणतात. ही पातळी दर डेसिलिटरमागे प्रौढ पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भवतींत साधारणपणे ११ ग्रॅम धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. मात्र ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढ्याने निदान पुरे होत नाही. ते का कमी आहे, हे शोधावे लागते.

सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता. प्रौढ शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते, त्यातले सुमारे दोन तृतीयांश हीमोग्लोबिनमध्ये. आतडी दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतात. १ मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले तर ४० मिलिग्रॅम. पोळी-भाजी-भाताच्या जेवणातून ही तूट भरून निघणे कठीण असते, कारण वनस्पतिजन्य लोह मुळातच कमी शोषले जाते आणि जेवणाला लागून घेतलेला चहा ते आणखी अडवतो. लिंबू पिळल्याने शोषण वाढते. बिटाने रक्त वाढते ही समजूत बहुधा रंगावरून आली असावी. बिटात लोह फारसे नसते. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देणारी आजी अधिक बरोबर होती.

मूळव्याध, जठरातील व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर किंवा अंकुशकृमी (आतड्यात राहून रक्त शोषणारे जंत) यांमुळेही रक्त आणि त्याबरोबर लोह झिरपत राहते. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले, तर पचनमार्गातील रक्तस्राव, प्रसंगी मोठ्या आतड्याचा कर्करोग, तपासलाच पाहिजे. थकवा, धाप, फिकट पापण्या ही नेहमीची लक्षणे. काहींना माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाने बरा होत नाही. १९२८ मध्ये भारतात आलेल्या ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार गर्भवतींचा अभ्यास केला. लोह कमी असले की तांबड्या पेशी लहान होतात; या स्त्रियांच्या मात्र मोठ्या झालेल्या होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या झाल्या. त्यातला उपयोगी घटक पुढे फॉलिक आम्ल (एक ब-जीवनसत्त्व) म्हणून ओळखला गेला. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही पेशी मोठ्या होतात, आणि शाकाहारींत तो बराच दिसतो. क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार यांत लोहाचा साठा असूनही ते वापरता येत नाही.

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार, लक्षात घ्यावा लागतो. थॅलसेमिया मायनर या हीमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची तर गंमतच: पेशी लहान दिसतात, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि वर्षे गेली तरी आकडा हलत नाही. हीमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी केली की उलगडा होतो.

लोहाचा साठा रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) तपासून कळतो. तो आटला की हीमोग्लोबिन नंतर घसरते, म्हणून ‘एचबी’ (हीमोग्लोबिन) ठीक असतानाही लोह कमी असू शकते. सूज किंवा संसर्ग असताना मात्र फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. उपचारात हीमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. शौच काळे होणे हा त्यांचा निरुपद्रवी परिणाम. गोळी घेत नसताना ते काळे झाले, तर डॉक्टरांकडे जावे.