फर्मवेअर कुठे साठवलंय, यावर ठरणारी हार्डवेअर खरेदी

लिनक्ससाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, ही चर्चा आज फिरून फिरून वायफाय कार्डाशी आणि त्याच्या फर्मवेअरशी, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामशी येते. एका लेझर प्रिंटरचा सोर्स कोड नाकारला गेला आणि त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो) चळवळ उभी राहिली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे; ती इथे नको.

नव्वदच्या दशकात प्रश्न साधा होता: ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण लिनक्सला चालवता येण्यासाठी लागणारा प्रोग्राम, आहे की नाही? भारतात १९९५ मध्ये इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागलं. पुढे डायल-अपच्या जमान्यात 'विनमोडेम' आले. मोडेमचं निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेलं असल्यामुळे ते स्वस्त होते आणि लिनक्सवर बहुधा निरुपयोगी. जाणकार मुकाट्याने सिरियल पोर्टला लागणारा महागडा बाहेरचा मोडेम घेत.

वायफाय आल्यावर गुंता वाढला. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा ड्रायव्हर लोकांनी उलट अभ्यास करून लिहिला. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आला. पण ड्रायव्हर मुक्त असला तरी कार्डात चालणारं फर्मवेअर कंपनीचं. ते वाटायची परवानगी नसल्याने प्रत्येकाने विंडोजच्या ड्रायव्हरमधून ते स्वतःच उपसून काढायचं.

खरा वाद इथे सुरू होतो. तेच फर्मवेअर कार्डावरच्या चिपमध्ये कायमचं कोरलेलं असेल, तर कोणी हरकत घेत नाही. दर वेळी डिस्कवरून कार्डात भरावं लागलं, की ते 'अमुक्त सॉफ्टवेअर' ठरतं. २०१० मध्ये जाहीर झालेल्या, वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य जपणाऱ्या हार्डवेअरसाठीच्या 'रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम' या प्रमाणपत्राच्या निकषांतही हा भेद आहे: दुय्यम प्रोसेसरमधला जो प्रोग्राम विक्रीनंतर बदलायचाच नाही, त्याला सूट. म्हणजे वापरणाऱ्याला कधीच बदलता येणार नाही ते चालतं आणि निदान बदलण्याची शक्यता असते ते चालत नाही! समर्थकांचं म्हणणं असं, की बदलता येणारी गोष्ट कंपनीच्या हाती ठेवणं जास्त वाईट. तर्क म्हणून ठीक. पण बाजारात परिणाम असा झाला, की काटेकोर मंडळी एथेरॉसच्या जुन्या कार्डांवर अडकली. 'एथ९के' ड्रायव्हरची पीसीआय कार्डं फर्मवेअर न भरता चालतात, पण ती ८०२.११एन या २००९ च्या मानकाची. त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीच्या कार्डांना फर्मवेअर भरावंच लागतं.

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स वितरणाने हा वाद बराच काळ अंगावर वागवला. आधीच्या आवृत्त्यांना अमुक्त फर्मवेअर ठेवायला मतदानाने सवलती मिळाल्या. २०११ च्या 'स्क्वीझ'मध्ये अमुक्त फर्मवेअर कर्नलमधून बाहेर काढलं गेलं. मग केबलचं पोर्ट नसलेल्या पातळ लॅपटॉपवर इन्स्टॉलर फर्मवेअर मागायचा आणि ते आणायला लागणारं वायफाय त्या फर्मवेअरशिवाय सुरू व्हायचं नाही. फर्मवेअरसह 'अनधिकृत' आयएसओही (इन्स्टॉलरची डिस्क-फाइल) उपलब्ध होती, पण नवख्याला ती सापडणार कशी? अखेर २०२२ च्या मतदानाने डेबियनची तत्त्वं सांगणाऱ्या सामाजिक करारातच दुरुस्ती केली; त्यासाठी तीनास एक असं बहुमत लागत होतं. जून २०२३ च्या 'बुकवर्म'पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर येतं, नको असेल त्याला बंद करता येतं. तत्त्वाला मुरड पडली, अशी टीका झाली. माझ्या मते हा निर्णय दहा वर्षं उशिरा झाला.

२०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष उघड झाल्यावर कडक भूमिकेची आणखी पंचाईत झाली. स्पेक्टरवरच्या काही उपायांना मायक्रोकोडचं, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या फर्मवेअरचं अपडेट लागतं. ते अमुक्त म्हणून नाकारलं, तरी प्रोसेसरमध्ये जुना, तितकाच अमुक्त मायक्रोकोड असतोच.

ग्राफिक्समध्येही तेच. एएमडीने २००७ पासून कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली, म्हणून आजही पहिली शिफारस तिचीच होते; तिच्या कार्डांना फर्मवेअर लागतं ते लागतंच. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरची कर्नल मोड्यूल (कर्नलमध्ये चालणारे भाग) खुली केली, तीही 'ट्युरिंग' पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांपुरती. ड्रायव्हरमधलं बरंचसं काम तोवर कार्डावरच्या प्रोसेसरकडे, बंद फर्मवेअरमध्ये गेलं होतं.