कोरफड केसांपर्यंत कशी आली

कोरफडीच्या जेलची कुठलीही बाटली उलटी करून पाहिली, तर 'हजारो वर्षांची परंपरा' असे काहीतरी छापलेले सापडते. वनस्पती प्राचीन काळापासून औषधात आहे, हे खरेच. पण आज आपण तिचा जो भाग डोक्याला चोळतो, तो आणि या जुन्या परंपरेत नावाजलेला भाग, हे दोन वेगवेगळे आहेत. हे एकदा नीट कळले की कोरफडीबद्दलचे बरेचसे दावे आपोआप जागेवर बसतात.

त्यासाठी पान कापून बघावे. जाड, तीन-चार वर्षांच्या झाडाचे बाहेरच्या बाजूचे पान बुडापासून कापले की क्षणात पिवळसर चीक ओघळू लागतो. तो हिरव्या सालीच्या अगदी आतून, बारीक नळ्यांमधून येतो. त्याला उग्र वास असतो, चव इतकी कडू की जिभेवरून तासभर हलत नाही, आणि हवा लागली की तो हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. त्याच्या आत असतो पारदर्शक, बुळबुळीत गर. हा गर म्हणजे झाडाची पाण्याची साठवण. कोरफड आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे पाणी फारसे उडत नाही. आपल्याकडे दाराला उलटी टांगलेली कोरफड माती-पाण्याशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते ती याच जोरावर. गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत लांब साखळ्यांच्या शर्करा, थोडी आम्ले, क्षार आणि बाकी किरकोळ घटक.

जुन्या जगाला हवा होता तो चीक. तो वाळवून घट्ट केला की काळपट, काचेसारखे चमकणारे खडे होतात. काष्ठौषधीच्या दुकानात ते काळा बोळ किंवा एलिया या नावाने मिळत आले आहेत. हे खडे टिकाऊ, हलके, गलबतावर लादायला सोपे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आजच्या येमेनच्या किनाऱ्यावरील काने बंदरातून धूप आणि कोरफडीचा बोळ बाहेर जात असल्याची नोंद आहे. याच ग्रंथात आपले सोपारा आणि कल्याण ही बंदरेही येतात. सोकोत्रा बेटावरचा बोळ पुढे शतकानुशतके सर्वोत्तम मानला गेला. तो मात्र आपल्या कुंडीतल्या कोरफडीचा नव्हे, तिच्या एका बहिणीचा, 'अ‍ॅलो पेरी' या जातीचा.

केसांचा उल्लेख याच काळात येतो. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आपल्या औषधिग्रंथात बोळाचे बरेच उपयोग देतो: रेच, जखमा, मूळव्याध, डोळे. त्यांतच एक वाक्य केसांवर आहे. मद्यात कालवून लावल्यास केस गळायचे थांबतात, असे तो म्हणतो. कोरफड आणि केस यांची सांगड घालणारा हा फार जुना लेखी पुरावा. पण तो सांगतो तो लेप कडू बोळाचा आहे. गराचा नाही. आज आपण जो चीक निथळून टाकून देतो, नेमका तोच.

आपल्याकडे काय लिहिले गेले? चरक-सुश्रुतांच्या मोठ्या संहितांमध्ये कुमारीला, म्हणजे कोरफडीला, ठळक स्थान नाही. ती पुढे आली रसशास्त्राच्या काळात. पारा आणि धातू शुद्ध करताना, भस्मे तयार करताना कोरफडीच्या रसाच्या भावना देतात, म्हणजे रसात खलून खलून पुन्हा वाळवतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाश या ग्रंथात कुमारीचे गुण सविस्तर दिले आहेत. ती भेदिनी म्हणजे रेचक, शीत, कडू, डोळ्यांना हितकर, रसायन, बल देणारी. गुल्म म्हणजे पोटातला गोळा, प्लीहा आणि यकृताची वाढ, कफज्वर, गाठी, भाजणे, फोड, रक्तपित्त आणि त्वचेचे विकार यांवर ती सांगितली आहे. एवढ्या लांब यादीत केसांचा उल्लेख नाही. तोच भावमिश्र भृंगराजाला, म्हणजे आपल्या माक्याला, सरळ 'केश्य' म्हणतो. ग्रंथांपुरते बोलायचे तर केसांचा मान माक्याकडे आणि आवळ्याकडे होता. कोरफड पोटाची, यकृताची, बायकांच्या दुखण्यांची आणि भाजल्याची. कुमार्यासव हे कोरफडीचे आसव आजही त्याच वाटेने दिले जाते.

गोव्यातही हेच दिसते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता गोव्यात राहिला, इथल्या वैद्य-हकिमांकडून शिकला आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापून घेतला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यातला दुसराच संवाद कोरफडीवर आहे, आणि सोकोत्राचा माल सर्वांत चांगला हा त्याचा निर्वाळा आहे. व्यापारी जगाच्या डोळ्यांसमोर तेव्हाही खडाच होता.

पुढे युरोपीयांनी हे झाड अटलांटिकपार नेले. सतराव्या शतकापासून बार्बाडोसवर आणि नंतर डचांच्या कुरासाओवर बोळासाठी त्याची लागवड झाली; त्याचे 'अ‍ॅलो बार्बाडेन्सिस' हे दुसरे शास्त्रीय नाव बार्बाडोसवरून पडले. १७६८ च्या एप्रिलमध्ये बर्मन आणि मिलर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने या झाडाला दोन वेगळी नावे दिली. बर्मनचे आधी छापले गेले म्हणून 'अ‍ॅलो व्हेरा' टिकले. त्याच्या ग्रंथाचे नाव 'फ्लोरा इंडिका' होते, तरी झाड मुळात इथले नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वंशवृक्षाच्या अभ्यासाने त्याचे मूळ अरबी द्वीपकल्पाकडे दाखवले. १८५१ मध्ये एडिंबराच्या स्मिथ बंधूंनी बोळातून रेचक द्रव्य वेगळे केले. ते अ‍ॅलोइन.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत लेखी इतिहासात केसांसाठी गर जवळजवळ नाहीच. घरात मात्र तो होता. ग्रंथात नाही म्हणून वापरात नव्हता असे म्हणता येत नाही, कारण बायकांनी परसात केलेले उपाय लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. मराठी घरांत कोरफडीचे पान विस्तवावर भाजून त्याचा रस मधातून मुलांना खोकल्यावर देत. भाजले की गर चोळत. बाळाचे अंगावरचे दूध तोडायला कडू चीक लावत. आणि केसांसाठी दोन वाटा होत्या: न्हाण्याआधी कच्चा गर डोक्याला लावायचा, किंवा तेल उकळताना त्यात टाकायचा.

या दोन वाटांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज त्या सर्रास एकच समजल्या जातात. तेलाची कृती घरोघरी साधारण सारखीच. पान कापून बुडाकडची बाजू खाली करून ठेवायचे, पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा. मग धुऊन दोन्ही कडांचे काटे काढायचे, साल सोलायची, गराच्या फोडी करायच्या. लोखंडी कढईत खोबरेल मंद आचेवर ठेवून त्यात या फोडी, माक्याचा पाला, जास्वंदीची फुले, मूठभर मेथ्या, कुणाकडे वडाच्या पारंब्यांची कोवळी टोके. सुरुवातीला तेल जोरात चुरचुरते, फेस येतो, कढईजवळ उभे राहवत नाही. चुरचुर थांबली की पाणी उडाले असे समजायचे आणि कढई उतरवायची. कपड्यातून गाळून घेतले की वर हिरवट तेल येते, कपड्यात कुरकुरीत तपकिरी चोथा उरतो.

आता गरात होते काय? पाणी आणि पाण्यात विरघळणाऱ्या शर्करा. पाणी वाफ होऊन गेले. शर्करा तेलात विरघळत नाहीत, त्या चोथ्यात राहिल्या. म्हणून या तेलात कोरफडीचा अंश फार थोडा उतरतो. केस मऊ होतात त्याचे बरेचसे श्रेय खोबरेलाला द्यायला हवे. तेल वाईट आहे असे अजिबात नाही. ते चांगलेच तेल आहे. पण गराचा जो खरा गुण, ओल धरून ठेवण्याचा आणि केसावर पातळ, गुळगुळीत थर देण्याचा, तो हवा असेल तर ताजा गर थेट लावण्याची दुसरी वाटच उपयोगी पडते. बाजारातल्या 'अ‍ॅलो व्हेरायुक्त' खोबरेल तेलाकडेही याच नजरेने पाहावे.

गराचे नशीब पालटले ते १९३५ मध्ये, अमेरिकेत. क्ष-किरणांचा वापर तेव्हा सैल हाताने होई आणि त्यातून कातडी भाजायची. कॉलिन्स पितापुत्रांनी एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या कपाळावर अशी जखम होती. कोरफडीचे ताजे पान लावल्यावर खाज आणि आग दिवसभरात कमी झाली, आणि पाच आठवड्यांत कपाळाची व डोक्याची त्वचा भरून आली, तिथे नवे केसही उगवले, असे त्यांनी लिहिले. एकच रुग्ण, तुलनेला दुसरा कुणी नाही. त्वचा बरी झाली की दबलेली केसांची मुळे पुन्हा जोर धरू शकतात, एवढेच यातून निघते. पण 'कोरफडीने केस उगवतात' या आजच्या समजुतीला आधुनिक वैद्यकाच्या कागदावर पहिल्यांदा जागा मिळाली ती इथे, असे मला वाटते.

अडचण अशी होती की कापलेला गर टिकत नाही. काही तासांत तो पातळ होतो, तांबूस पडतो, त्याचा बुळबुळीतपणा जातो. टेक्सासमधले औषधनिर्माते बिल कोट्स यांच्यासारख्यांनी गर टिकवण्याच्या पद्धती बसवल्यावर १९७० च्या दशकात उद्योग उभा राहिला. १९७८ मध्ये 'फॉरेव्हर लिव्हिंग' ही साखळी पद्धतीने माल विकणारी कंपनी निघाली, १९८१ मध्ये कोरफड उद्योगाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. शॅम्पू आणि कंडिशनरच्या बाटल्यांवर हिरवे काटेरी पान झळकू लागले ते याच काळात. चीक नको, गर हवा, अशी उलटापालट दोन हजार वर्षांत पहिल्यांदा झाली होती. २००२ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा बोळ काढूनच टाकला, कारण त्याच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नव्हती.

भारतात ही लाट तिकडून फिरून आली. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० मध्ये स्थापन झाले, कोरफडीच्या लागवडीचा बोलबाला झाला. कमी पाण्याचे पीक, जनावर तोंड लावत नाही, रोपे महाग विकणारे दारात येऊन हमी देत होते. महाराष्ट्रातही शेतकऱ्यांनी ती लावली आणि अनेकांची पाने शेतातच राहिली. कारण याच गरात आहे: पान कापल्यावर काही तासांत कारखान्यात पोचले नाही तर त्याची किंमत संपते. जवळ प्रक्रिया केंद्र नसेल तर हे पीक लावू नये, ही गोष्ट रोपे विकणाऱ्यांनी सांगायला हवी होती. ती सांगितली गेली नाही, याची चीड येते.

राजस्थानच्या राजसमंद जिल्ह्यातल्या पिपलांत्रीत याच्या उलट घडले. मुलगी जन्मली की १११ झाडे लावायची, ही या गावाची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. त्या झाडांना वाळवी लागू नये म्हणून भोवती लाखोंनी कोरफड लावली गेली, आणि मग गावातल्या बायका तिच्यापासून रस, जेल आणि लोणचे करायला शिकल्या. पान आणि प्रक्रिया एकाच गावात. या उपक्रमामागचे श्यामसुंदर पालीवाल यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

डोक्याच्या त्वचेबद्दल नीट केलेला प्रयोग कोणता, असे विचारले तर १९९९ मधला एक पुढे येतो. सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट खपल्यांचा हट्टी कोंडा असलेल्या ४४ जणांवर इस्राएलमध्ये तो झाला. काहींना कोरफडीचे मिश्रण, काहींना तसेच दिसणारे बिनऔषधी मिश्रण, कुणाला काय मिळाले हे रुग्णाला वा डॉक्टरला माहीत नाही. चार ते सहा आठवड्यांनी खपल्या कमी झालेले कोरफडीच्या गटात ५८ टक्के होते, दुसऱ्या गटात १५ टक्के. खाजही कमी झाली. लालीत विशेष फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, पण प्रामाणिक आहे. कोंडा आणि खाज यांवर कोरफड उपयोगी पडू शकते, असे त्यावरून म्हणता येते. टक्कल पडलेल्या जागी ती केस उगवते असे दाखवणारा याच तोडीचा प्रयोग नाही.

आणि बाटलीत कोरफड असतेच असे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही जेलची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा कोरफडीची ओळख पटवणारी एसिमॅनन ही शर्करा त्यांत सापडली नाही. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्वस्त भर सापडली. लेबलवर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. कोरफडीचे नाव पाणी, घट्ट करणारी द्रव्ये, सुगंध आणि रंग यांच्या मागे असेल तर ती नावापुरतीच आहे. 'पावडर' लिहिले असेल तर मात्र थोडे थांबावे, कारण २०० किलो रसाची एक किलो पावडर होते आणि तिचे थोडे प्रमाणही अगदीच कमी नसते.

डोक्याला ताजा गर लावणाऱ्याला जपायचे आहे ते चिकापासून. तो नीट निथळला नाही तर काहींच्या त्वचेला आग होते, पुरळ उठते. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघावी. अख्ख्या पानाचा, चिकासकटचा अर्क पाण्यातून दोन वर्षे पाजलेल्या उंदरांना मोठ्या आतड्यात गाठी झाल्याचे २०१३ च्या अमेरिकी अहवालात आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो अर्क 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवला. हे पिण्याबद्दल आहे, लावण्याबद्दल नाही. केस वाढावेत म्हणून रोज सकाळी घरीच अख्खे पान मिक्सरमधून काढून पिणारे लोक आहेत, त्यांनी मात्र ते आजच थांबवावे.