तळकवच (मोटारगाडीचे)

कमी उंचीच्या प्रवासी मोटारीच्या इंजिनाखाली, विशेषतः तेलकुंडाच्या (इंजिनाचे तेल साठविणाऱ्या तळच्या पात्राच्या) रक्षणासाठी, बसविलेले धातूचे आवरण. गॅरेजच्या बोलीत यास ‘इंजिन गार्ड’ आणि तेलकुंडास ‘चेंबर’ म्हणतात. त्यासाठी सामान्यतः २ ते ३ मिमी. जाडीचा पोलादी किंवा त्याहून जाड ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. अनेक मोटारींना मुळात असणारे प्लास्टिकचे आवरण मुख्यतः चिखलपाणी अडविण्यासाठी असते.

तळ रस्त्यापासून किती उंच, हे मोजण्याविषयी एकवाक्यता नव्हती. काही उत्पादक रिकाम्या गाडीचा आकडा देत, तर काही भरलेल्या गाडीचा. वस्तू व सेवा कराबरोबर त्या वेळी असलेल्या उपकराचा चढा दर कोणत्या गाड्यांना लावावा, हे ठरविताना ४ मी. पेक्षा अधिक लांबी व १,५०० घ.सेंमी. पेक्षा मोठे इंजिन यांबरोबर १७० मिमी. ही किमान उंची धरली जात असल्याने वाद वाढला. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने ही उंची रिकाम्या गाडीची समजावी, असे स्पष्ट केले. करापुरता प्रश्न त्यामुळे मिटला. तळाच्या रक्षणाचा विचार करताना मात्र माणसे व सामान भरल्यावर उरणारी उंचीच ग्राह्य धरणे योग्य.

गतिरोधकाच्या उंचीपेक्षा त्याचा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात (आयआरसी ९९-१९८८; २०१८ मध्ये सुधारित) गतिरोधक १७ मी. त्रिज्येच्या कमानीचा, ३.७ मी. रुंद व १० सेंमी. उंच असावा, असे सांगितले होते. पुढील व मागील चाकांत २.६ मी. अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकाच्या मध्यावर आली की चारही चाके उंचवट्यावरच असतात आणि तळाकडे सुमारे ५ सेंमी. एवढाच फुगवटा येतो. याउलट अरुंद, १५ सेंमी. उंच गतिरोधक दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो व त्याची सगळी उंची तळाच्या वाट्याला येते. सोलापूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्ते लवकर उंचसखल होतात. त्यांतच उसाच्या ट्रॉल्यांनी कच्च्या वाटांवर खोल चाकोऱ्या पडल्या, की मोटारीची चाके त्यांत उतरतात आणि मधला उंचवटा थेट चेंबरला लागतो.

पत्रा व चेंबर यांत पुरेशी पोकळी नसल्यास आघाताने आत दबलेला पत्राच चेंबर फोडू शकतो. तेल सोडण्याच्या बोल्टासमोर छिद्र ठेवलेले नसेल, तर तेल बदलताना दर वेळी पत्रा उतरवावा लागतो. शिवाय पाझरलेले तेल पत्र्यावरच साचून गळती उशिरा ध्यानात येते. जोराचा आघात झाल्यावर तेलदाबाचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

तळास देण्यात येणारे रबरी वा डांबरी लेपन गंज व बारीक खडी यांपासून रक्षण करते, आघातापासून नव्हे. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याची निकड कोकणाइतकी नाही.