प्रीपोझिशन आणि जेरंडच्या मधलं क्रियाविशेषण : पार्श्वभूमी

‘विदाउट इव्हन आस्किंग’, ‘इन्स्टेड ऑफ जस्ट सेइंग सो’ असलं इंग्रजी रोज कानावर पडतं. तरी तेच लिहायची वेळ आली की हात अडखळतो : प्रीपोझिशन (‘विदाउट’, ‘ऑफ’ असे संबंध दाखवणारे शब्द) आणि जेरंड (क्रियापदाचं नामासारखं वापरलेलं ‘-इंग’ रूप) यांच्या मध्ये ‘इव्हन’, ‘जस्ट’सारखं क्रियाविशेषण चालतं का? ही धास्ती जेरंडमुळे आलेलीच नाही, ती शेजारच्या घरातून आली आहे.

जुन्या इंग्रजीत ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ लागून होणारा शब्द निव्वळ नाम होता. त्यामुळे त्याला विशेषणच लागे. आजच्या शब्दांत सांगायचं तर ‘बाय केअरफुल रीडिंग ऑफ द लेटर’. पुढे ‘-एंडे’ हा धातुसाधित विशेषणाचा प्रत्ययही ‘-इंग’मध्ये मिसळून गेला. साधारण 14व्या शतकापासून हे नाम थेट कर्म घेऊ लागलं, क्रियाविशेषणालाही जवळ करू लागलं. म्हणजे ‘बाय केअरफुली रीडिंग द लेटर’. 18व्या शतकातल्या व्याकरणकारांनी दोन्ही रूपांची वाटणी केली. 1762 सालच्या एका गाजलेल्या पुस्तकाने ‘-इंग’ शब्दाच्या आधी ‘द’ असेल तर पुढे ‘ऑफ’ हवा, नसेल तर नको, असा नियम घालून दिला. तेव्हाचा वाद या ‘ऑफ’चा होता.

खरा गुंता ‘टू’चा. 1834 साली एका अमेरिकी मासिकात ‘टू’ आणि मूळ क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्याविरुद्ध तक्रार छापून आली. 1864 मध्ये इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूने तीच री ओढली. ‘टू’ आणि मूळ क्रियापद या जोडीला इन्फिनिटिव्ह म्हणतात; शतक संपेपर्यंत ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’, म्हणजे फोडलेली जोडी, ही जणू शिवी झाली. मग माणसं ‘टू’ दिसला की बिचकू लागली. ‘आय लुक फॉरवर्ड टू फायनली मीटिंग यू’ यातला ‘टू’ साधा प्रीपोझिशन आहे. त्याच्या जागी नाम ठेवून बघा : ‘टू द मीटिंग’. इन्फिनिटिव्ह इथे नाहीच, तर फुटणार काय? पण बिचकलेला लेखक ‘फायनली’ वाक्याच्या शेवटी ढकलतो, आणि हळूहळू ‘बाय’, ‘ऑफ’, ‘विदाउट’ यांनाही तोच सोवळेपणा लावतो. मजा अशी, की इन्फिनिटिव्हचा ‘टू’सुद्धा मुळात प्रीपोझिशनच होता आणि त्याच्या पुढे धातूचं नामरूप चतुर्थीत येई.

शिवाय ‘फॉर नॉट कमिंग’ला कधी कुणी हरकत घेतल्याचं दिसत नाही. ‘नॉट’ मध्ये चालतो आणि ‘क्वाएटली’ चालत नाही, हे कसलं शास्त्र? उलट क्रियाविशेषण शेवटी नेलं तर अर्थच घसरू शकतो. ‘आफ्टर रीडिंग द नोट ही लेफ्ट क्वाएटली’ (त्याने ठेवलेली चिठ्ठी वाचल्यावर) म्हटलं, तर गुपचूप काय झालं, वाचणं की चिठ्ठी ठेवणं?

विसाव्या शतकात भांडण सरकलं ते जेरंडच्या कर्त्याकडे : ‘हिज कमिंग’ की ‘हिम कमिंग’. 1906 पासून काही दशकं ते रंगलं आणि मधलं क्रियाविशेषण त्यात दुर्लक्षित राहिलं. 1985 च्या एका मोठ्या व्याकरणग्रंथाने एकच ‘-इंग’ शब्द शुद्ध नामापासून शुद्ध क्रियापदापर्यंत चौदा उदाहरणांच्या उतरंडीवर मांडला. विशेषण कुठवर चालतं आणि क्रियाविशेषण कुठून सुरू होतं, ते त्यात दिसतं. 2002 च्या दुसऱ्या ग्रंथाने तर जेरंड आणि पार्टिसिपल (‘-इंग’वालं धातुसाधित विशेषण) यांचं एकच खातं केलं. तिथे ही ‘-इंग’ रूपं क्रियापदंच ठरतात, आणि क्रियापदाच्या आधी क्रियाविशेषण येण्यात नवल काहीच नाही.