ढोबळी मिरचीवरील विषाणुजन्य रोग, हरितगृहातील

हरितगृहात, म्हणजे काचगृह, पॉलिहाऊस किंवा जाळीगृह यांसारख्या आच्छादित रचनेत, वाढविलेल्या ढोबळी मिरचीवर व तिच्याच जातीच्या (कॅप्सिकम ॲन्यूअम) इतर मिरच्यांवर विषाणूंमुळे होणारे रोग. मिरचीवर नैसर्गिक रीत्या आढळलेल्या विषाणूंची संख्या ६० हून अधिक आहे. परंतु त्यांतील बरेचसे उघड्या शेतातील असून आच्छादनाखाली सातत्याने नुकसान करणारे विषाणू मोजकेच आहेत. त्यांची निवड प्रसाराच्या रीतीवरून ठरते. किडींच्या द्वारे येणाऱ्या विषाणूंना जाळी काही प्रमाणात अडविते, तर बियाणे, माती, अवजारे आणि माणसाचे हात यांतून पसरणाऱ्या विषाणूंना हरितगृह उलट सोयीचे ठरते. येथे पीक आठ-दहा महिने उभे असते, झाडे दाटीने लावलेली असतात, आणि दोरीने बांधणे, बगलफूट काढणे, तोडणी करणे या कामांच्या निमित्ताने एकाच माणसाचा हात ओळीतील प्रत्येक झाडाला पुनःपुन्हा लागतो.

टोबॅमोविषाणू : वरील कारणामुळे या पिकात टोबॅमोविषाणूंचा गट सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. त्यांचे कण ताठ काडीसारखे, सु. ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर जाड असतात; आनुवंशिक द्रव्य एकपदरी आरएनएचे व सु. ६,४०० न्यूक्लिओटाइडांचे असते. तंबाखू मोझॅक, टोमॅटो मोझॅक, पॅप्रिका सौम्य ठिपका आणि मिरची सौम्य ठिपका (पेपर माइल्ड मॉटल) हे विषाणू या गटात येतात.

मिरची सौम्य ठिपका विषाणू प्रथम केव्हा आढळला याविषयी मतभेद आहेत. एच. एच. मॅकिनी यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत मिरचीच्या बियांतून जाणाऱ्या एका विषाणूचे वर्णन केले आणि त्याला तंबाखू मोझॅक विषाणूचा एक वाण मानले. पुढील तीन दशके निरनिराळ्या देशांतील अभ्यासक मिरचीवरील असे काडीरूप विषाणू ‘तंबाखू मोझॅकचा मिरची-वाण’, ‘सॅमसून सुप्त वाण’, ‘कॅप्सिकम मोझॅक विषाणू’ अशा नावांनी नोंदवीत राहिले. नेदरलँड्समधील काचगृहांत मिळालेल्या वाणांना तर नुसते क्रमांक दिले गेले. सी. वेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सिसिलीतील नमुन्यांच्या आधारे, रक्तरसीय (प्रतिपिंडांवर आधारित) चाचण्या आणि आवरण-प्रथिनाचे (कणाचे कवच बनविणाऱ्या प्रथिनाचे) घटक पाहून, हा स्वतंत्र विषाणू असल्याचे दाखविले व आजचे नाव रूढ केले. मॅकिनी यांचा विषाणू हाच होता असे बहुतेक लेखक धरतात. हे मत ग्राह्य वाटते. मात्र जुन्या वाङ्‌मयात ‘मिरचीवरील तंबाखू मोझॅक’ असा उल्लेख आला की त्यामागे नेमका कोणता विषाणू आहे हे नमुना उपलब्ध असल्याखेरीज सांगता येत नाही, आणि त्यामुळे १९८४ पूर्वीच्या प्रसारविषयक नोंदी सावधपणेच वापराव्या लागतात.

नावातील ‘सौम्य’ हा शब्द पानांपुरताच खरा आहे. पानांवर फिकट हिरव्या छटांची अस्पष्ट जाळी दिसते आणि जुन्या झाडावर तीही नजरेतून सुटते. नुकसान फळात होते : फळे लहान राहतात, टोकाशी आखडतात, सालीवर उंचवटे व खळगे उमटतात, कधी बुडाशी तपकिरी पट्टा येतो. झाडे हिरवीगार दिसत असल्यामुळे पहिल्या तोडणीतील प्रतवारीच्या वेळीच रोग लक्षात येतो. तोवर ओळीच्या ओळी लागण झालेल्या असतात.

या विषाणूचा एक अनपेक्षित पैलू २००६ मध्ये पुढे आला. निरोगी माणसांच्या विष्ठेतील आरएनए विषाणूंची पाहणी करताना तो सर्वांत विपुल आढळला. कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये १ अब्जापर्यंत कण मोजले गेले. प्रक्रिया केलेल्या मिरचीच्या पदार्थांतून तो पोटात जातो आणि पचनमार्गातून न मोडता बाहेर पडतो. त्यामुळे पाण्यात मानवी मैला मिसळल्याचा निदर्शक म्हणून, तसेच कोविड-१९ च्या साथीत सांडपाण्यातील मोजमापांची तुलना करण्यासाठी, त्याचा वापर झाला. पिकाच्या दृष्टीने यातून एवढाच बोध होतो की हा कण असामान्य टिकाऊ आहे.

प्रतिकारक जनुके : टोबॅमोविषाणूंविरुद्धच्या मिरचीतील प्रतिकारशक्तीचा आधार ११ व्या गुणसूत्रावरील ‘एल’ हे जनुकस्थान आहे. आय. डब्ल्यू. बाऊकेमा यांच्या १९८० च्या सुमाराच्या कामातून त्याच्या युग्मविकल्पींची (एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांची) मालिका स्पष्ट झाली : एल१ कॅप्सिकम ॲन्यूअममधून, एल२ कॅ. फ्रुटेसेन्समधून, एल३ कॅ. चायनेन्समधून आणि एल४ कॅ. चाकोएन्स या रानटी जातीतून आलेला आहे. विषाणूंचे वर्गीकरणही याच मालिकेवर बसविले जाते. जो एकही युग्मविकल्पी ओलांडू शकत नाही तो ‘पी०’, जो पहिला ओलांडतो तो ‘पी१’, पहिले दोन ओलांडणारा ‘पी१.२’, याप्रमाणे. तंबाखू मोझॅक व टोमॅटो मोझॅक विषाणू पी० मध्ये मोडतात; मिरची सौम्य ठिपका विषाणूचे वाण पी१.२ पासून पुढे सुरू होतात. एल जनुकाचे प्रथिन विषाणूचे आवरण-प्रथिन ओळखते व शिरकावाच्या जागेभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उमटतो आणि विषाणू तेथेच कोंडला जातो. पण आवरण-प्रथिनातील १३९ व्या स्थानी एक ॲमिनो अम्ल बदलले की एल३ ला तो ओळखता येत नाही, असे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. एल४ ओलांडणारे वाण (पी१.२.३.४) २००७-०८ मध्ये जपान व इझ्राएल येथून नोंदविले गेले. मिरचीच्या वाणांच्या माहितीपत्रकात ‘टोबॅमो प्रतिकारक’ एवढाच शब्द वाचून समाधान मानणे त्यामुळे धोक्याचे आहे. कोणता एल, हे विचारावे लागते.

याशिवाय हा प्रतिकार तापमानावर अवलंबून आहे. साधारण ३०° से. च्या वर पेशीमृत्यूची प्रतिक्रिया मंदावते अथवा उशिरा येते. विषाणू मधल्या काळात पुढे सरकतो आणि मग मरणाऱ्या पेशी ठिपक्याऐवजी खोडावर काळ्या रेघांच्या रूपाने दिसतात. टोमॅटो ब्राउन रूगोज फ्रूट विषाणू हा टोबॅमोविषाणू याचे ठळक उदाहरण होय. तो इझ्राएलमध्ये २०१४ मध्ये व जॉर्डनमध्ये २०१५ मध्ये टोमॅटोवर आढळला. एल१, एल३ किंवा एल४ असलेली मिरची त्याला एरवी अडविते. परंतु आधीच्या रोगट टोमॅटोच्या मुळांचे अवशेष असलेल्या मातीत कडक उन्हाळ्यात रोपे लावल्यास मुळे व खोड करपते, वाढ खुंटते आणि काही रोपे कोलमडतात. येथे झाड विषाणूने नव्हे, तर स्वतःच्याच बचावाने मरते असे म्हणावे लागेल.

बियाण्यातून प्रसार : टोबॅमोविषाणू बीजावरणावर, क्वचित भ्रूणपोषात (बियांतील अन्नसाठ्यात) असतो; भ्रूणात तो आढळत नाही. म्हणजे बी रुजताना रोप आपोआप रोगी होत नाही. रोप उपटून दुसऱ्या ट्रेमध्ये लावताना बोटांनी धरलेल्या दलावर (रोपाच्या पहिल्या पानावर) सूक्ष्म ओरखडा पडतो, आणि दलाला चिकटून राहिलेल्या सालपटावरचा विषाणू त्यातून आत शिरतो. पुढची रोपे त्याच बोटांनी धरली जातात. १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बी भिजवून धुणे, किंवा कोरडे बी ७०° से. किंवा किंचित अधिक तापमानात तीन दिवस ठेवणे, हे उपाय रूढ आहेत. रोपे हाताळताना बोटे मलईविरहित दुधाच्या द्रावणात बुडविण्याची पद्धतही जुनी आहे. दुधातील प्रथिने विषाणूला मारीत नाहीत, पण लागण बरीच रोखतात.

टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणू : किडींद्वारे येणाऱ्या विषाणूंत हा हरितगृहात सर्वाधिक उपद्रवी आहे. ऑस्ट्रेलियात १९१५ मध्ये टोमॅटोवर दिसलेला हा रोग विषाणुजन्य असल्याचे १९३० मध्ये सिद्ध झाले. पुढे वेस्टर्न फ्लॉवर थ्रिप्स (फ्रँक्लिनिएला ऑक्सिडेंटॅलिस) हा फुलकिडा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून जगभर पसरला व १९८३ मध्ये नेदरलँड्सच्या काचगृहांत पोहोचला, तेव्हापासून या रोगाचे स्वरूप बदलले. कोवळ्या पानांवर काशाच्या रंगाची झाक, शेंड्याची मर आणि पिकू लागलेल्या फळावर एकात एक पिवळी वर्तुळे, ही लक्षणे सहसा चुकत नाहीत.

फुलकिड्याची पिलेच विषाणू शोषून घेऊ शकतात. प्रौढ कीड रोगट झाडावर कितीही चरली तरी वाहक बनत नाही, मात्र पिलावस्थेत विषाणू घेतलेला प्रौढ मरेपर्यंत तो पसरवितो. रोगट झाड पिले वाढण्याआधी काढले तरच काढण्याचा उपयोग होतो. कॅ. चायनेन्समधील ‘टीएसडब्ल्यू’ या प्रभावी (एकच प्रत असली तरी गुण दाखविणाऱ्या) जनुकाने मोठे साहाय्य केले. परंतु त्यालाही ओलांडणारे वाण निघाले, उष्णतेत तेही ढिले पडते, आणि १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात आढळलेल्या कॅप्सिकम क्लोरोसिस या जवळच्या विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही.

जाळीच्या बाबतीत एक पेच आहे. पांढऱ्या माशीच्या (बेमिसिया टॅबॅसी) छातीची रुंदी सु. ०.२४ मिमी., तर फुलकिड्याची सु. ०.१९ मिमी. असते. फुलकिड्याला अडविणारी बारीक जाळी वाराही अडविते, आतले तापमान चढते आणि एल व टीएसडब्ल्यू ही दोन्ही जनुके ज्या मर्यादेवर डळमळतात तिकडे पीक ढकलले जाते.

मावा व पांढरी माशी यांद्वारे पसरणारे विषाणू : काकडी मोझॅक विषाणू, तसेच बटाटा ‘वाय’ व त्याच्या गटातील इतर विषाणू (पॉटिविषाणू) माव्याच्या सोंडेवरून काही सेकंदांत संक्रमित होतात, म्हणून कीटकनाशकाने त्यांना रोखता येत नाही. पॉटिविषाणूंविरुद्धचा ‘पीव्हीआर२’ हा अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती असल्यासच दिसणारा) प्रतिकार ४ थ्या गुणसूत्रावर असून तो वनस्पतीच्याच एका भाषांतर-घटकातील (आरएनएवरून प्रथिन बनविण्यास लागणाऱ्या प्रथिनातील) बदलामुळे मिळतो.

पर्णगुच्छ किंवा चुरडामुरडा या रोगाच्या कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. काही लेखक तो केवळ किडींच्या चरण्याचा परिणाम मानीत, काही केवळ विषाणूचा. आज हे एकच नाव किमान तीन विकृतींना दिले जाते असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते : फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूस वळतात, पिवळ्या कोळ्यामुळे खाली वळून देठ लांबतात, आणि पांढऱ्या माशीतून येणाऱ्या बेगोमोविषाणूमुळे पाने लहान होऊन शिरा जाडावतात व झाड खुजे राहते. पहिल्या दोहोंत कीड गेल्यावर नवी पालवी सरळ येते. तिसऱ्यात येत नाही.

शिरा पिवळ्या पडण्याचा, पोलेरोविषाणू या गटामुळे होणारा रोग जपानमध्ये १९८१ पासून नोंदलेला आहे. पोलेरोविषाणूंचा वाहक मावाच असतो हा नियम २०१९ मध्ये इझ्राएलमधील मिरचीवरच्या एका विषाणूने मोडला. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. इंग्लंडमधील काचगृहांतून १९८७ मध्ये वर्णिलेला ‘पीत शिरा’ हा रोग मात्र निराळा आहे. त्याचा संबंध मुळांतील ऑल्पिडियम या बुरशीशी असून तो सॅलडच्या पानांवरील जाड-शिरा रोगाशी मिळताजुळता आहे. मातीविना, फिरत्या पोषक द्रावणावरील लागवडीत त्याची विशेष दखल घ्यावी लागते.

बेल पेपर एंडॉर्नाविषाणू हा बियांतून पिढ्यान्‌पिढ्या जातो, त्याला प्रथिनाचे आवरण नसते आणि तो लक्षणे दाखवीत नाही. त्याला रोगकारक म्हणावे की नाही हा प्रश्न अभ्यासकांपुरता आहे. संपूर्ण आरएनए वाचणाऱ्या चाचण्यांत तो वारंवार दिसतो व खऱ्या कारणाविषयी दिशाभूल करतो.

निदान व नियंत्रण : मॅग्नेशियमची कमतरता, तणनाशकाचा फवारा आणि टोमॅटो क्लोरोसिस विषाणू यांची पिवळटपणाची लक्षणे इतकी सारखी असतात की केवळ पाहून निर्णय देऊ नये. रोगट झाडाचा रस निकोटियाना ग्लुटिनोसा या सूचक (लागण चटकन दाखविणाऱ्या) वनस्पतीच्या पानावर चोळल्यास बऱ्याच टोबॅमोविषाणूंमुळे तीन-चार दिवसांत मृत ठिपके पडतात. एलायझा (विषाणूचे प्रथिन ओळखणारी) व पीसीआर (त्याचे आनुवंशिक द्रव्य ओळखणारी) या चाचण्यांनी ही पद्धत मागे टाकली आहे. लागण झालेले झाड बरे करणारे रसायन नाही. टोबॅमोविषाणू वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत एका हंगामातून दुसऱ्यात टिकतात. पूर्वी यासाठी मिथिल ब्रोमाइडची धुरी देत. ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या माँट्रिऑल कराराखाली विकसित देशांत २००५ पासून तिचा वापर अपवाद वगळता थांबला, आणि त्यानंतर जमिनीची वाफेने निर्जंतुकी, मातीऐवजी कोकोपीट अथवा खनिज लोकरीच्या पिशव्या, व पीक काढताना मुळे शक्य तितकी उपसून जाळणे यांवर भर आला.